डेल्फ्टच्या कापडवाल्याची पत्रे

आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडवाला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. विद्वानांचा व्यवहार लॅटिनमध्ये चालत असलेल्या काळात तो आपल्या रोजच्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहीत राहिला, 1673 पासून 1723 साली मृत्यू येईपर्यंत. त्याने स्वतः घडवलेल्या एकभिंगी सूक्ष्मदर्शकांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ओढ लागते ती त्याच्या गद्याची. आजवर कुणीच न पाहिलेली सृष्टी समोर उभी असताना हा माणूस काय लिहितो आणि कुठे लेखणी आवरतो, हे वाचणे फार सुखाचे आहे.

7 सप्टेंबर 1674 चे पत्र घ्या. डेल्फ्टपासून दोनेक तासांच्या वाटेवर बर्केल्स मेर नावाचे तळे होते. उन्हाळ्यात त्याचे पाणी पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढग तरंगू लागत. आसपासचे शेतकरी म्हणत, हे त्या दिवसांत पडणाऱ्या दवामुळे होते. लेव्हेनहूक हे सांगणे नोंदवतो आणि त्यावर वाद न घालता पुढे जातो. जोराचा वारा सुटला असताना तो त्या तळ्यावरून चालला होता. त्याने काचेच्या कुपीत थोडे पाणी घेतले आणि दुसऱ्या दिवशी ते तपासले. त्यात काही मातकट कण आणि काही हिरव्या रेघा दिसल्या. रेघा नागमोडी गुंडाळलेल्या आणि ओळीने मांडल्यासारख्या होत्या. दारू गाळणारे वाफ थंड करायला तांब्याची वेटोळी नळी वापरतात, तशी त्यांची वळणे होती आणि जाडी माणसाच्या केसाएवढी. शाळेत स्पायरोगायराची आकृती काढलेला कुणीही मराठी वाचक ही वनस्पती ओळखेल. लेव्हेनहूकपाशी मात्र ते नाव नव्हते, म्हणून त्याने आकार, जाडी, रंग आणि मांडणी लिहून ठेवली. हे सजीव की निर्जीव, कुठून आले, या प्रश्नांना त्याने हात लावला नाही. पुढे वाक्य वळते तेव्हा पाण्यात काही हलताना दिसते, कधी वर, कधी खाली, कधी गोल. ते पाहून किती नवल वाटले हेही तो सांगतो. आपले नवल तो लपवत नाही, पण त्याच्या भरात वर्णनाला फाटे फुटू देत नाही.

खरी मेजवानी आहे 9 ऑक्टोबर 1676 च्या लांबलचक पत्रात. त्यातला निवडक भाग सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी इंग्रजीत आणून पुढच्या वर्षी फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स या तिच्या नियतकालिकात छापला. या पत्राची घडण रोजनिशीची आहे. पाणी कुठले, कुठल्या भांड्यात, कोणत्या तारखेला, हे सांगितल्याशिवाय लेव्हेनहूक पुढे सरकत नाही. पावसाचे पाणी हवे म्हणून तो अंगणात चिनीमातीची मोठी थाळी ठेवतो. जमिनीवरची माती उडून त्यात पडू नये म्हणून ती लाकडी टोपावर उंच ठेवतो. पहिले पाणी टाकून देतो आणि मग पुन्हा धरतो. घाईचा वाचक ही वाक्ये ओलांडून जाईल. मला वाटते पत्राचा सारा कस इथे आहे, कारण पुढे जे दिसणार त्याचे वजन या टोपावर आणि फेकून दिलेल्या पाण्यावर ठरते.

आता जूनमधल्या सलग तीन नोंदी पाहा. 9 तारखेला पावसाचे पाणी स्वच्छ प्याल्यात घेऊन त्याने ते घराच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर उघड्या हवेत ठेवले. 10 तारखेला त्यात जिवंत प्राणी दिसल्यासारखे वाटले, पण ते इतके थोडे आणि अस्पष्ट होते की हे खात्रीचे म्हणून त्याने स्वीकारले नाही. 11 तारखेला छत्तीस तास घोंघावणारा वारा होता, आणि गारठा असा की हिवाळी कपडे जड वाटू नयेत. अशा हवेत काही सापडेल ही आशाच त्याला नव्हती. तरी त्याने पाहिले, आणि एका थेंबात हजारभर जीव! साहित्याच्या कसोटीवरही मधली 10 तारीख मला सर्वांत उंच वाटते. दुसऱ्या दिवशी खरे ठरलेले त्याला मागे जाऊन ‘कालच पाहिले होते’ असे सहज लिहिता आले असते. त्याने कालचा संशय कालच्याच तारखेखाली राहू दिला.

याच पत्रातला मिरीचा प्रसंग तर विलक्षणच. मिरी तिखट का लागते, हे त्याला शोधायचे होते. तिचे कण टोकदार असून जिभेला टोचत असावेत, असा त्याचा अंदाज होता. मलबारची मिरी डच जहाजांतून येत असे, आणि 1663 साली कोचीन डचांच्या हाती गेले होते, तेव्हा डेल्फ्टच्या घरात ती असणे सहज होते. त्याने अख्खी मिरी पाण्यात भिजत घातली. पाणी आटले तसे बर्फाचे पाणी त्यात घातले. तीनेक आठवड्यांनी, 24 एप्रिल 1676 ला पाहतो तर त्यात नाना तऱ्हेच्या अतिसूक्ष्म जिवांची अगणित गर्दी. टोकदार कण शोधायला बसलेला माणूस जिवांची वर्णने लिहू लागतो. या पत्रातले सर्वांत लहान जीव इतके लहान होते की त्यांना कोणता आकार द्यावा हे आपल्याला सांगता येत नाही, असे तो सरळ लिहितो. हे बहुधा जिवाणू होते. सूक्ष्मतेचे माप मात्र तो देतो. चीजवरच्या किड्याशी या जिवाची तुलना करायची तर घोड्यापुढे मधमाशी असावी तशी, असे त्याचे प्रमाण आहे.

त्याचा हात कधी सुटतच नाही असे नाही. काही जीव इतके चपळ पळतात, तर त्यांना पाय असलेच पाहिजेत, असे तो धरून चालतो. पण पाय दिसले आणि पाय असावेत, या दोन गोष्टी बहुतेक वेळा तो वेगळ्या ठेवतो, त्यामुळे वाचकाला दोन्हींतली रेघ शोधता येते.

याचा सर्वांत सुंदर दाखला त्याच पत्रात पावसाच्या पाण्यातल्या एका जिवाचा आहे. त्याला शरीराच्या चौपट लांब शेपटी असते. ती धाग्यात वा कणात अडकते, मग बिचारा सुटायला धडपडतो, शरीर झटक्याने शेपटीच्या टोकाच्या गोळ्याकडे मागे येते. शेपटीची वळणे काठीवर गुंडाळून सोडलेल्या तारेसारखी राहतात. अडकणे आणि सुटकेची धडपड हा त्याचा अर्थ चुकीचा होता. तो जीव व्हॉर्टिसेला. आपल्या देठाने तो स्वतःच एखाद्या वस्तूला चिकटून राहतो, आणि झटक्याने आखडणे हा त्याचा स्वभाव आहे. पण त्या आखडण्याची, उलगडण्याची आणि तारेच्या वळणांची नोंद एवढी चोख होती की 1932 साली जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी लेव्हेनहूकवरचा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळींवरून हा जीव त्यांनी ओळखला.