तळव्यावरचे केस

ड्रॅक्युला म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो काळा झगा, चापून बसवलेले केस आणि अदबीनं झुकून बोलणारा उमराव. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत तो असा नाहीच. तिथे पहिल्यांदा भेटतो तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याच्या तोंडाला घाण वास येतो आणि तळहातांवर केस आहेत. तो जवळ वाकला की त्याच्याकडे आलेल्या जोनाथन हार्करला मळमळतं. रक्त मिळेल तसतसा तो तरुण होतो, पण पुढे हार्करची बायको मीना त्याला लंडनच्या रस्त्यावर पाहते तेव्हाही तिला तो चेहरा क्रूरच वाटतो.

मग झगा आला कुठून? रंगभूमीवरून. हॅमिल्टन डीननं १९२४ मध्ये कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा राक्षसाला दिवाणखान्यात पाहुण्यांसोबत बसवायचं होतं. घाण वासाच्या म्हाताऱ्याला तिथे कोण बसू देणार? म्हणून त्याला संध्याकाळचा उंची पोशाख चढवला. ती प्रसिद्ध उभी कॉलरही सोयीची होती: नटानं पाठमोरं उभं राहायचं, कॉलरीआड डोकं लपवायचं आणि रंगमंचावरच्या चोरदारातून खाली उतरायचं. प्रेक्षकांना वाटे, माणूस हवेत विरला. बेला लुगोसीनं हा वेश आधी ब्रॉडवेवर आणि १९३१ मध्ये पडद्यावर नेला. त्या चित्रपटात त्याचे सुळे एकदाही दिसत नाहीत. गंमत अशी की अवघ्या नऊ वर्षांपूर्वी मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ चित्रपटात मॅक्स श्रेक उंदरासारखे दात घेऊन सावलीसारखा जिना चढत होता. पण जगानं पाठ केला तो लुगोसी.

तरी सगळं खापर नाटकावर फोडता येणार नाही. लोककथेतला रक्तपिपासू मुळात खेडूत होता. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाच्या शेतकऱ्याचं प्रेत उकरून त्यात खुंटा ठोकला गेला आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यानं त्याचा अहवालही लिहिला. फुगलेलं शरीर, तोंडाशी ताजं दिसणारं रक्त: कुजणारं प्रेत असंच दिसतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. या गावंढळ भुताला सरदार केलं जॉन पॉलिडोरीनं. तो कवी बायरनचा खासगी डॉक्टर होता आणि मालकाच्या टोमण्यांनी पोळलेला. त्याच्या ‘द व्हँपायर’मधला (१८१९) लॉर्ड रुथ्वेन म्हणजे बायरनच, देखणा, थंड, जवळच्या माणसांचा घास घेणारा. वर कडी म्हणजे ती कथा छापून आली बायरनच्याच नावावर. रक्तपिशाचाचं आकर्षण जन्मलं ते असं, एका नोकराच्या रागातून. ले फानूच्या ‘कार्मिला’नं १८७२ पर्यंत त्यात उघड प्रणय मिसळला.

खरा सांधा मात्र १९७६ मध्ये बदलला, असं मला वाटतं. तोवर रक्तपिशाचाची गोष्ट बहुतेकदा सांगत असत ते त्याला घाबरणारे. अॅन राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’मध्ये टेपरेकॉर्डरसमोर बसून लुई हा रक्तपिशाच स्वतःच बोलतो. जो स्वतःची व्यथा सांगतो त्याला वाचक माफ करून टाकतो. पण राइस भाबडी नव्हती. तिची मुलगी १९७२ मध्ये, वयाची सहा वर्षंही पुरी होण्याआधी, रक्ताच्या कर्करोगानं गेली होती. कादंबरीतली क्लॉडिया लहान मुलीच्या शरीरात कायमची अडकते आणि आत बाई वाढत राहते. अमरत्वाचं याहून भयंकर चित्र मी वाचलेलं नाही. राइसच्या मागून आलेल्यांनी लुईचे उसासे उचलले, क्लॉडिया सोडून दिली. ‘ट्वायलाइट’पर्यंत (२००५) पोचेतो उन्हात चमचमणारा, जनावरांच्या रक्तावर भागवणारा प्रियकर उरला. त्याच्यात भिण्यासारखं काही नाही, म्हणून ओढीतही दम नाही.

मराठी वाचकाची ओळख निराळ्या वाटेनं झाली. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये आपल्या वेताळाला इंग्रजीत ‘व्हँपायर’ करून टाकलं, पण विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळाला भूक रक्ताची नाही, उत्तरांची आहे. नारायण धारपांनी ‘लुचाई’ कादंबरीसाठी धागा घेतला तो स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा (१९७५), त्यात गाव साथीसारखं पोखरलं जातं. धारपांनी प्रियकर निवडला नाही, हे बरंच झालं.

दोन्ही टोकं एकत्र धरणारं पुस्तक शोधाल तर लिंडक्विस्टची ‘लेट द राइट वन इन’ (२००४) घ्या. स्टॉकहोमच्या उपनगरात बारा वर्षांच्या, शाळेत मार खाणाऱ्या ऑस्करला एली भेटते. तिला वास येतो. ऑस्कर ते तिला तोंडावर सांगतो, आणि तरी मैत्री करतो. जवळीक आणि किळस एकाच वाक्यात ठेवणं फार थोड्यांना जमलं आहे.

रॉबर्ट एगर्सनं २०२४ मध्ये ‘नोस्फेराटू’ पुन्हा केला. त्याचा रक्तपिशाच ऑरलॉक सडलेला आहे, धापा टाकत बोलतो आणि त्याला भरघोस मिशा आहेत. तळहात मला नीट दिसले नाहीत.