वुडी गथ्रीची पत्रं : बरोबरीच्या माणसाचा विनोद

वुडी गथ्री जगाला माहीत आहे तो त्याच्या गाण्यांमुळे. १९४० साली त्यानं लिहिलेलं 'धिस लँड इज युवर लँड' अमेरिकेतली शाळकरी मुलंही म्हणतात. पण हा लोकगायक गाण्यांइतक्याच असोशीनं पत्रंही लिहायचा. बायकोला, मुलांना, लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांना, रेडिओवर त्याला ऐकणाऱ्या अनोळखी श्रोत्यांना त्यानं भरभरून लिहिलं. त्याची पत्रं वाचताना जाणवतं की विनोद ही त्याची माणसांशी वागण्याची रीत होती. समोरच्याला आपल्या बरोबरीला बसवल्याशिवाय त्याला हसताच येत नसे.

त्याचा जन्म १९१२चा, ओक्लाहोमातल्या ओकिमा गावचा. बहीण क्लारा लहानपणीच भाजून गेली. आई हंटिंग्टन्स या मेंदूच्या आजारानं मनोरुग्णालयात गेली आणि तिथंच वारली. पुढं टेक्सासमध्ये धुळीच्या वादळांनी संसार उधळला आणि तो कॅलिफोर्नियाकडं निघालेल्या विस्थापितांत सामील झाला. अशा माणसाच्या लेखणीत कडवटपणा आला असता तर नवल नव्हतं. त्याच्यापुढं आदर्श होता तो मात्र ओक्लाहोमाचाच विनोदकार विल रॉजर्स याचा. एका मुलाचं नावही त्यानं विल रॉजर्स ठेवलं. १९३९पासून 'पीपल्स वर्ल्ड' या डाव्या वृत्तपत्रात तो 'वुडी सेझ' हे सदर लिहू लागला. त्यातलं स्पेलिंग तो मुद्दाम बोलीप्रमाणे करी. अडाण्याचं सोंग घेऊन बँकवाल्यांना आणि पुढाऱ्यांना साधे, अडचणीचे प्रश्न विचारायचे, ही त्याची युक्ती. त्यात टोमणा असे तो सत्तेला. खेडुताच्या बोलण्याला तो कधीच हसला नाही.

त्याच्या विनोदाची घडण पाहायची तर श्रोत्यांसाठी काढलेल्या गीतपुस्तिकेतली स्वामित्वहक्काची सूचना वाचावी. सुरुवात अगदी कायद्याच्या थाटात : हक्काचा क्रमांक, मुदतीची वर्षं, विनापरवाना गाणाऱ्याला इशारा. आता शिक्षा येणार असं वाटतं आणि वाक्य वळतं. असा माणूस आमचा जिवलग मित्र समजला जाईल, खुशाल छापा, गा, नाचा, असं तो सांगतो. हे निव्वळ विडंबन नाही. गाणं लोकांचं असतं ही त्याची श्रद्धा त्या एका वळणात आहे. आधी धमकीची भाषा कानावर पडल्यामुळेच पुढचा जिव्हाळा मनाला भिडतो.

युद्धकाळात एका नव्या वर्षासाठी त्यानं वहीत ३३ संकल्प लिहिले. ही यादी त्यानं स्वतःला धाडलेलं पत्रच म्हणायला हवी. दात घासायचे, ते असले तर, मोजे बदलायचे, रोज एक गाणं लिहायचं, पहिल्या बायकोला आणि मुलांना पैसे पाठवायचे, उदास व्हायचं नाही, फॅसिझमला हरवायचं, सगळ्यांवर प्रेम करायचं. मोजे आणि महायुद्ध एकाच यादीत, एकाच सुरात आल्यानं हसू येतं. पण गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' असं लिहून फिरणाऱ्या या गायकाला त्यात विसंगती दिसत नव्हती. अंगावरचे कपडे स्वच्छ ठेवणं आणि जग माणसांनी राहण्याजोगं करणं ही दोन्ही त्याच्या लेखी रोजची कामं होती.

यादीत 'पीट'वर प्रेम करायचंही आहे. हा पीट म्हणजे नृत्यांगना मार्जोरी माझियाच्या पोटातलं त्याचं मूल. त्या न जन्मलेल्या बाळाला 'रेलरोड पीट' असं नाव देऊन तो पत्रं लिहीत असे. त्यात बाळाशी बोबडं बोलणं नाही. एखाद्या जाणत्या सोबत्याशी बोलावं तसं तो त्याला जगाची हालहवाल कळवतो. १९४३च्या फेब्रुवारीत मुलगी झाली : कॅथी. तिचे बोल वेचून त्यानं बालगीतं रचली. चौथ्या वाढदिवसानंतर काही दिवसांतच ती घरातल्या आगीत भाजून गेली. हे ठाऊक असलेल्या वाचकाला ती पत्रं हसत वाचणं जड जातं. तरी त्यांतला आनंद खोटा ठरत नाही, उलट अधिक मोलाचा वाटतो.

आईचा आजार अखेर त्याच्याकडंही आला. १९५६पासून काही वर्षं तो न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन मनोरुग्णालयात होता. तिथल्या ४० नंबरच्या वॉर्डाला त्यानं 'वॉर्डी फोर्टी' म्हणून जणू आपल्याच नावाचा धाकटा भाऊ करून टाकलं. भेटायला आलेल्या मित्रांना तो म्हणाला, असं सांगतात, की काळजी मला तुमचीच वाटते : बाहेर स्वतःला कम्युनिस्ट म्हणवलंत तर तुरुंगात जाल, इथं मी म्हणालो तर वेडा म्हणून सोडून देतात. सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळातल्या अमेरिकेवर याहून नेमकं भाष्य क्वचितच झालं असेल. पत्रांतलं अक्षर थरथरत गेलं, ओळी फाटत गेल्या. पण मायेनं विचारपूस करणं थांबलं नाही.

१९६७मध्ये तो गेला. त्याचा मोठा कागदसंग्रह आज ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या वुडी गथ्री सेंटरमध्ये आहे. त्याची गाणी सभांना आणि मोर्चांना पुरून उरली, हे खरंच. पण गाण्यातला वुडी हजारोंशी बोलतो, पत्रातला एकाच माणसाशी. आणि दोन्हीकडं त्याचा सूर तोच राहतो. लेखक म्हणून त्याचं मोठेपण मला यातच दिसतं. त्याची गाणी आवडत असतील तर पत्रंही मिळवून वाचा.