परत न येणारी कथा

लोअर परळवर लिहिलेल्या नवोदितांच्या कथा वाचायला घेतल्या की पहिल्याच पानावर बहुधा गिरणीचा भोंगा वाजतो. लिहिणाऱ्याचा जन्म गिरणी संपानंतरचा असतो. भोंगा त्याने ऐकलेला नसतो, वाचलेला असतो. मग दोन-तीन पानं १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार आणि फिनिक्स मिलच्या जागेवरचा मॉल. माहिती खरी, कळवळाही खरा, पण गोष्ट अजून सुरू झालेली नसते.

चौथ्या-पाचव्या पानावर मात्र एखादी ओळ ओझरती येऊन जाते: वडिलांच्या नावावर गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या सोडतीत घर लागलं, पण मधला भाऊ वारसाच्या कागदावर सही करत नाही. कथा तिथे आहे. तो भाऊ सही टाळताना काय बोलतो, कागदांची फाइल कोणाच्या कपाटात आहे, आईला नेमकं काय सांगितलं गेलंय, हे नीट लिहिलं तर संप त्यात न सांगता येतो. ‘आधीची पानं काढून टाक,’ एवढं सांगणारं माणूस त्या लेखकाला भेटलेलं नसतं. आजच्या मराठी कथेचं मोठं दुखणं मला हेच वाटतं.

हे सांगण्याचं काम एकेकाळी मुंबईतच, गिरगावात खटाववाडीत चालत असे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाशी कथेबद्दल सविस्तर बोलत, पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. त्या मासिकाची अभिरुची सर्वांना सामावणारी नव्हती. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी त्याच्या अंकाची होळी केली, त्यामागचा राग समजण्यासारखा होता. बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आणि भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ (१९६५) यांनी मुंबईची जी भाषा कागदावर आणली, तिच्यामुळे मराठी कथनाचा पैस कितीतरी वाढला. पण ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली आणि तिच्या अभिरुचीबरोबर कथा बारकाईने वाचण्याची शिस्तही गेली. ती जायला नको होती.

गिरणगावात वाढलेल्या जयंत पवारांनी काय केलं ते नवोदिताने बारकाईने पाहावं. ‘अधांतर’ हे त्यांचं नाटक १९९७ चं. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २०१२ मध्ये. गिरणी बंद पडल्यावर घराच्या आत काय होतं, इथे त्यांनी नजर रोखली. त्यांच्या कथा ऐसपैस आहेत, आणि अशा दीर्घकथेला मराठीत दिवाळी अंकासारखी दुसरी जागा नाही.

‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून चालत आलेलं हे दार नव्या लेखकासाठी आजही उघडं आहे. मात्र पावसाळ्याच्या तोंडाशीच कथा हातावेगळी करायला हवी; गणपतीत पाठवून उपयोग नसतो. त्याआधी ती दोघा-तिघांना मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणारा कुठे चुळबुळतो ते लगेच कळतं. संपादकांकडेही मागणं आहे: अंकातली एक तरी नवी कथा लेखकाकडून पुन्हा लिहून घ्या. नुसती ‘साभार परत’ची चिठ्ठी कोणालाच काही शिकवत नाही.

पुस्तकाची घाई तर अजिबात नको. ‘एवढे पैसे भरा, प्रती घरी घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडे संपादन नसतं, वितरण नसतं. असते फक्त छपाई. लेखकाचे पैसे जातात आणि गठ्ठे खाटेखाली राहतात. खरा प्रकाशक मिळाला तरी करार लेखीच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता मानला जातो. शिवाय अनुवाद, ई-बुक, ऑडिओ आणि चित्रपट यांचे हक्क एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊ नयेत. प्रत्येकासाठी वेगळी मुदत आणि वेगळा मोबदला लिहून घ्यावा.