९५ टक्के आले कुठून?

एचआयव्हीच्या औषधांतल्या सातत्यावरचा कुठलाही प्रबंध उघडा. '९५ टक्के किंवा जास्त डोस घेणारे नियमित, बाकीचे अनियमित' हे वाक्य बहुतेक वेळा सापडतंच. माझ्या पहिल्या प्रस्तावातही होतं. गाईडनी विचारलं, '९५च का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त संदर्भ होता. तोही मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या यादीतून उचललेला.

मग वाचला. पॅटरसन आणि सहकारी, २०००, 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'. अमेरिकेतले ९९ रुग्ण, विश्लेषणात उरले ८१. बाटलीच्या झाकणात चिप. झाकण कधी उघडलं याची नोंद व्हायची. ९५ टक्के किंवा जास्त सातत्य असणाऱ्यांतही २२ टक्के रुग्णांत उपचार अयशस्वी ठरले. ८० ते ९४.९ च्या गटात हा आकडा ६१, त्याखाली ८०. म्हणजे ९५ ही काही कड्याची धार नाही, तीन गट पाडताना आखलेली एक रेघ आहे. अभ्यास चांगलाच आहे हो. गोळ्या कोण नीट घेतंय याचा डॉक्टरांचा अंदाज ४१ टक्के रुग्णांबाबत चुकला, नर्सेसचा ३०. हा भाग मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पण औषधं होती त्या काळची प्रोटीएज इनहिबिटर. आज आपल्या एआरटी केंद्रांवर बहुतेकांना टीएलडी मिळते, रोज एकच गोळी. एनएनआरटीआय औषधांवर ९५ च्या खालीही विषाणू दबलेला राहू शकतो, हे बँग्सबर्ग यांनी २००६ मध्येच दाखवलंय. तरी आपण जुनीच रेघ ओढतो. तीसपैकी दोन गोळ्या चुकल्या की सातत्य ९३.३ टक्के. ऊसतोडीला गेलेला माणूस दोन दिवस गोळीविना राहिला, की आपल्या तक्त्यात तो थेट 'अनियमित'.

खरी गडबड यापुढे होते. या 'अनियमित' गटाची सांगड आपण दारू आणि कंडोम न वापरण्याशी घालतो. तिन्ही प्रश्न एकाच मुलाखतीत, बहुधा ज्याच्याकडून गोळ्या मिळतात त्याच केंद्रात बसून विचारलेले. संकोची माणूस तिन्हीकडे 'चांगलं' उत्तर देतो, मोकळा माणूस तिन्हीकडे खरं बोलतो. मग जो संबंध दिसतो, त्यातला किती वर्तनाचा आणि किती मोकळेपणाचा?

शिवाय 'धोका' म्हणजे काय? २०१६ च्या पार्टनर अभ्यासात, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांमध्ये, सुमारे ५८,००० वेळा कंडोमविना संबंध आले. विषाणू उपचारांनी दबलेला असताना जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. (इतर गुप्तरोगांचा प्रश्न उरतोच.) म्हणून व्हायरल लोडची माहिती नसेल, तर 'कंडोम नाही' या रकान्यावरून एचआयव्ही पसरण्याचा धोका मोजता येत नाही.

मी शेवटी टक्केवारीचे गट पाडले नाहीत, आकडा जसाच्या तसा ठेवला. 'सलग किती दिवस चुकले?' हा प्रश्न वाढवला. व्हायरल लोड मात्र रुग्णांच्या नोंदींतून घ्यावा लागणार, आणि त्यासाठी एथिक्स कमिटीकडे पुन्हा अर्ज केलाय.