मेळघाटची होळी: रस्त्यावरून पाहिलेली

फाल्गुन पौर्णिमा जवळ आली की मेळघाटच्या होळीवर मराठीत काही ना काही छापून येते. मजकूर ठरलेला असतो. पाच दिवसांची होळी, ढोलकी-बासरी, रस्त्यात मागितलेला फगवा, आणि शेवटी ‘रावणपुत्राला पूजणारे आदिवासी’. यातले काही खोटे नसते. पण बहुतेक सगळे परतवाडा-धारणी रस्त्यावर, गाडीच्या काचेतून पाहिलेले असते.

आधी फगवा घ्या. होळी पेटली की कोरकू बाया-पोरी गाड्या थांबवतात, गाणे म्हणतात, चार पैसे मागतात. त्याची बातमी ‘वाहनांची अडवणूक’ अशी होते. कोकण-मुंबईत शिमग्याचे पोस्त मागतात, तेव्हा आपण त्याला रीत म्हणतो. मागणे दोन्हीकडे सारखेच आहे. फरक मागणारा कोण यात आहे.

हाच फरक परतणाऱ्या माणसाबाबत दिसतो. शिमग्याला कोकणात जाणारा तो ‘चाकरमानी’. त्याच्यासाठी जादा गाड्या सुटतात आणि त्याच्या घरओढीवर कथा-कविता लिहिल्या जातात. धारणी-चिखलदऱ्याची शेती बहुतांशी पावसावर चालते. खरीप निघाला की माणसे अमरावती, अकोला, बऱ्हाणपूरकडे कामाला जातात आणि होळीला हटकून परततात. त्यांना मात्र आपल्याकडे ‘स्थलांतरित मजूर’ एवढाच शब्द आहे. हा शब्द कुपोषणाच्या अहवालात येतो, सणाच्या लेखात येत नाही. म्हणून या होळीच्या वर्णनात नाच भरपूर असतो. पण कोण किती महिन्यांनी घरी आले, मजुरी हातात पडली की अजून थकली आहे, हे नसते. त्या घरांत सण कसा होणार, हे तर यावरच ठरते.

आता मेघनाथ. होळीनंतर उंच खांबापाशी त्याची पूजा होते, नवस फेडले जातात. इथे लेखकांचे दोन पंथ पडतात. एकाला रामायणातला खलपुत्र दिसतो आणि तो ‘अनोखी प्रथा’ म्हणून मोकळा होतो. दुसरा ‘मेघांचा नाथ’ अशी फोड करून त्याला पावसाचा देव ठरवतो. दोघेही कोरकूंची स्वतःची कथा विचारात घेत नाहीत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ती नोंदलेली आहे. विंध्य-सातपुडा निर्मनुष्य आहे हे पाहून रावणानेच महादेवाला तिथे माणसे वसवायची विनंती केली. महादेवाने वारुळाच्या लाल मातीतून मुला आणि मुलई हे जोडपे घडवले. इंद्राचे घोडे मूर्ती तुडवत होते, म्हणून राखणीला आधी कुत्रा केला. या कथेत रावण हा कोरकूंच्या जन्माला कारण झालेला आहे. मग त्याच्या मुलाला मान देण्यात अनोखे ते काय? त्याच ग्रंथात गोंडांच्या प्रकरणातही मेघनाथाच्या झोक्याचा विधी आहे. म्हणजे हा देव एका जमातीपुरता नाही, सातपुड्याच्या मोठ्या पट्ट्याचा आहे.

नाचाचेही तसेच. छायाचित्राखाली ‘पारंपरिक आदिवासी नृत्य’ असे लिहून काम भागवले जाते. त्याला गादली-सुसून हे नाव आहे. सुसून म्हणजे नाच. शेकडो कोस दूर, छोटा नागपूरच्या मुंडारीतही नाचाला हाच शब्द आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०६ सालीच कोरकूला मुंडा कुळात ठेवले होते. एका शब्दातून एवढा पल्ला दिसतो आणि आपण तोच शब्द गाळतो.

अमरावती जिल्ह्यातल्या या लोकांच्या होळीला आपण ‘आपल्या’ होळीची रंगीत पुरवणी करून टाकले आहे. येत्या फाल्गुनात लिहिणाऱ्याने निदान एवढे करावे: गाडीतून उतरावे, फगवा द्यावा, आणि गाणाऱ्या बाईला गाण्याचा अर्थ विचारावा. तो अर्थ छापताना मूळ कोरकू ओळही देवनागरीत शेजारी छापावी.