गाडा आणि बाजार

बेर्टोल्ट ब्रेख्तचे ‘मदर करेज अँड हर चिल्ड्रन’ हे नाटक मातृशोकाची कहाणी म्हणून पाहण्याची रूढी पडून गेली आहे. तीन अपत्ये युद्धात गमावणाऱ्या आईची ही कथा खरीच. परंतु तिच्या गाड्यावाचून या नाटकाचे पान हलत नाही, हे मात्र दुर्लक्षिले जाते. तो गाडा म्हणजे फौजेमागून हिंडणारे दुकान होय.

१६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धातील जर्मनी व आसपासचे प्रदेश ही नाटकाची भूमी. शांततेच्या काळी शेतकरी धान्य व गुरे शहरात आणतो आणि मीठ, कापड, अवजारे घेऊन परततो. वेढा पडला की ही वाट तुटते व बाजार फौजेच्या मागे चालू लागतो. बाजारबुणग्यांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकास हे नवे नाही.

दुसऱ्या प्रवेशात एका कोंबड्यावरून चाललेली घासाघीस हे सारे अर्थशास्त्र उलगडून दाखवते. शहराने रसद आधीच तटाच्या आत ओढून घेतली आहे. उपाशी आहेत ते वेढा घालणारे आणि लुटली गेलेली खेडी. सेनापतीला मांस हवे आहे असे कळताच करेज किंमत चढवते. तिचाच थोरला मुलगा शेतकऱ्यांना कापून त्यांचे बैल हाकून आणतो आणि वीर ठरतो. पुढे धाकट्याच्या सुटकेसाठी गाडा गहाण टाकून दोनशे गुल्डन उभे करण्याची वेळ येते, तेव्हा ती त्यातले काही राखू पाहते. सौदा लांबतो आणि मुलाला गोळ्या घातल्या जातात.

१९४१ साली झुरिकच्या पहिल्या प्रयोगास प्रेक्षक रडले. ब्रेख्तला ते रुचले नाही. त्याने तिच्यातील व्यापारीण अधिक कठोर केली. मला हा आग्रह एकांगी वाटतो. हिशेब आणि अश्रू येथे वेगळे करताच येत नाहीत.

खरे न्यून दुसरेच आहे. युद्धावर गब्बर होणारे बडे पुरवठादार रंगमंचावर जवळजवळ येतच नाहीत. सारा दोष एका फेरीवालीच्या पदरात पडतो.

तरीही १६३६ मधील हाले शहराबाहेरचा प्रवेश या उणिवेवर मात करतो. भयाने पळू पाहणारे दुकानदार माल स्वस्तात विकत आहेत, म्हणून आई शहरात खरेदीस गेलेली असते. बाहेर खेड्यातील तरुण शेतकरी जिवाच्या धमकीला बधत नाही. बैल मारण्याची धमकी मिळताच शत्रूला वाट दाखवण्यास तयार होतो. अशा वेळी मुकी कात्रीन छपरावर चढून ढोल बडवते. खेड्याकडून शहराकडे जाणारी, जिला किंमत नाही अशी ती एकच वस्तू. तिचे मोल तिला प्राणाने चुकवावे लागते.

ज्यांच्या मेजावर रोज भावांचे तक्ते येतात, अशा आपणा वाचकांनी हे नाटक अवश्य वाचावे. चढलेला आकडा कोठल्या तुटलेल्या वाटेवरून आला, हे विचारण्याची सवय त्याने लागेल.