चकव्याची मीमांसा : फसवी कोडी आणि अंबाजोगाईची एक आख्यायिका

१

भारतीय काव्यशास्त्राने कोड्याला ओसरीपर्यंत येऊ दिले. माजघरात मात्र घेतले नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार मांडले आणि तिचे उपयोगही सांगितले : क्रीडागोष्ठीतील विनोद, भरल्या सभेत जाणकारांशी करावयाची गुप्त मसलत आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकणे. ‘कामसूत्रा’ने तिला चौसष्ट कलांत जागा दिली. भामहाचा कल मात्र वेगळा होता. ज्या काव्याला शास्त्राप्रमाणे व्याख्येची गरज लागते ते बुद्धिमंतांचा उत्सव असले, तरी मंदबुद्धींचा घात करते, अशी त्याची तक्रार होती. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त निकालच देऊन टाकला. प्रहेलिका रसाच्या आड येते, म्हणून ती अलंकार नव्हे, असे त्याने ठरवले.

हा निकाल मराठी समीक्षेने फारसा न तपासता स्वीकारला. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी उखाणे गोळा केले आणि शेती, स्वयंपाक, प्राणी, निसर्ग असे त्यांचे विषयवार गट पाडले. पण जात्यावरच्या ओवीला काव्य म्हणून जी प्रतिष्ठा मिळाली ती कोड्याला मिळाली नाही. त्यातही एक प्रकार या गटांच्या बाहेरच राहिला. ज्यात प्रतिमा नाही, यमक नाही, लपवलेली वस्तूही नाही. आहे ती केवळ ऐकणाऱ्याची फजिती. अशा फसव्या कोड्याला ‘पोरखेळ’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे, की कोड्याच्या सर्व प्रकारांत सैद्धांतिक दृष्ट्या सर्वांत मोलाचा प्रकार हाच आहे, आणि मराठीतील आद्य ग्रंथकार मानल्या जाणाऱ्या कवीभोवती गुंफलेली आख्यायिका त्याच्याच रचनेची आहे.

२

आधी भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत कोडे, उखाणा, कूट, कोकणातले हुमान अशी नावे आहेत. ती एकमेकांत मिसळतात. तरी ऐकणारा नेमका कशामुळे हरतो या कसोटीवर तीन प्रकार वेगळे काढता येतात.

पहिला प्रकार ज्ञानावर उभा असतो. कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत एक पक्ष पुराणातला किंवा पिंडब्रह्मांडाचा प्रश्न टाकतो आणि दुसऱ्याने त्याची उकल करावयाची असते. येथे हरणारा अज्ञानामुळे हरतो. दुसरा प्रकार प्रतिमेवर उभा असतो. वस्तूचे वर्णन दुसऱ्याच वस्तूच्या भाषेत केलेले असते आणि दोन्हींतला दुवा ऐकणाऱ्याने शोधायचा असतो. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये कोड्याचे मर्म सांगितले ते याच प्रकाराचे : खऱ्या गोष्टीचे वर्णन अशक्य वाटणाऱ्या शब्दयोजनेतून करणे, जे रूपकामुळेच साधते. १९६३ साली रॉबर्ट जॉर्जेस आणि ॲलन डंडेस यांनी कोड्याची संरचनात्मक व्याख्या केली, तीही मुख्यतः वर्णन आणि वर्ण्य यांच्या संबंधावर बेतलेली होती. वर्णनातील घटकांत परस्परविरोध असतो वा नसतो, आणि वर्ण्य काय ते ओळखायचे असते. मुक्ताबाईच्या नावावरचा मुंगी आणि सूर्याचा अभंग, किंवा ज्ञानदेवांच्या नावावरचा काट्याच्या टोकावरील गावांचा अभंग यांसारखी संतांची कूटे या विरोधाच्या अगदी टोकाला जातात. तरी तेथेही विरोधापलीकडे एक अर्थ असतो आणि तो साधकाने गाठावा अशी अपेक्षा असते.

तिसरा प्रकार या दोन्ही चौकटींत बसत नाही. शेतात दहा चिमण्या बसल्या होत्या, दगड मारून एक पाडली, राहिल्या किती? येथे माहिती पुरेशी आहे, प्रतिमा कोणतीच नाही. ‘नऊ’ म्हणणारा हरतो, कारण हा वजाबाकीचा प्रश्न आहे असे त्याने न विचारताच गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दगड पडताच उरलेल्या नऊही उडून गेलेल्या असतात. तो अज्ञानाने हरत नाही, कल्पनाशक्तीच्या उणिवेनेही हरत नाही. प्रश्न कोणत्या जातीचा आहे याविषयीचा त्याचा विश्वास त्याला हरवतो.

या प्रकारासाठी लोकसमजुतीतूनच एक संज्ञा घेता येते : चकवा. रात्री शिवारातून जाणाऱ्याला चकवा लागतो तेव्हा तो परक्या मुलखात हरवत नाही. बांध ओळखीचा असतो, विहीर ओळखीची असते, आणि तरीही माणूस उजाडेपर्यंत तेथल्या तेथे फिरत राहतो. फसवे कोडे ऐकणाऱ्याला असेच त्याच्या स्वतःच्या भाषेच्या शिवारात फिरवते. भेदिक प्रश्न त्याला अनोळखी प्रांतात नेतो, उखाणा वेष पालटून समोर येतो. चकव्यात मात्र सगळे जसेच्या तसे असते आणि केवळ वाट सापडत नाही.

३

मराठवाड्यातील बोलीव्यवहारात सहज भेटणारी तीन कोडी या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत.

पहिले भाकरीचे. सासू-सुना, मायलेकी आणि नणंदा-भावजया जेवायला बसल्या. भाकरी तीनच होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला अख्खी भाकरी आली. ऐकणारा सहा बायका मोजतो. बसलेल्या असतात तिघी : आई, तिची लेक आणि तिची सून. गणित बिनचूक आहे. चूक होते ती नातेवाचक शब्दाला व्यक्तिवाचक समजण्यात. ‘सासू’ हे कोणत्याही बाईचे नाव नव्हे. ते दोन बायकांमधील अंतराचे नाव आहे. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ठरते, हा संरचनावादाचा पायाभूत सिद्धांत स्वयंपाकघरातल्या या कोड्यात भाकरीच्या हिशेबाने सांगितला आहे.

पण एवढ्यावर थांबल्यास कोड्यातील बोच निसटते. ज्या घरात बाईला तिच्या नावाने क्वचितच हाक मारली जाते, तेथे तीन माणसांची सहा नावे होतात आणि त्यांतले एकही तिचे स्वतःचे नसते. ‘उखाणा’ या शब्दाचा दुसरा अर्थ येथे आठवणे अपरिहार्य आहे. लग्नात नवरीला नवऱ्याचे नाव घ्यायला लावतात त्यालाही उखाणाच म्हणतात. एका उखाण्यात नाव लपवलेले असते आणि ते शोधायचे असते; दुसऱ्यात एरवी न उच्चारायचे नाव यमकाच्या आडोशाने उच्चारायचे असते. दोन्ही व्यवहार नावाभोवतीच्या निषेधाचे आहेत, म्हणून भाषेने त्यांना एकच शब्द दिला असावा. भाकरीचे कोडे या दोहोंच्या मधोमध उभे आहे. त्यात नावे भरपूर आहेत आणि नाव एकही नाही.

दुसरे कोडे वजनाचे. किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस? ‘लोखंड’ म्हणणारा फसतो, ‘दोन्ही सारखेच’ म्हणणारा जिंकतो. बहुतेक भाषांत हे कोडे येथे संपते. बीड जिल्ह्यात ते येथे संपेलच असे नाही, कारण कापूस हे या जिल्ह्याचे मोठे पीक आहे आणि वेचणीची मजुरी किलोवर मोजली जाते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटून घेत किलोभर कापूस गोळा करणाऱ्या बाईने ‘कापूसच जड’ असे उत्तर दिले, तर ती फसली असे म्हणता येईल काय? ‘सारखेच’ हे तराजूचे उत्तर आहे. तिचे उत्तर श्रमाचे असेल. ज्याला कोड्याचे ‘बरोबर उत्तर’ म्हटले जाते तेही एका विशिष्ट जागेवरून दिलेले असते, हे येथे उघड होते. चकव्याचे हेच वैशिष्ट्य आहे. तो ऐकणाऱ्याची गृहीतके उघडी पाडतो, आणि ऐकणारा तयारीचा असेल तर विचारणाऱ्याचीही.

तिसरा गट संकलनांतून सर्वांत जास्त गाळला गेलेला आहे. या कोड्यांचे वर्णन ऐकताना संभोगाचे चित्र उभे राहते आणि उत्तर निघते बांगड्या भरण्याचे, मुसळाचे, ताक घुसळण्याचे किंवा जात्याचे. नवीन जावई, नवी सून, लाजरा पोरगा हे यांचे ठरलेले बळी. उत्तर निरागस असल्यामुळे अश्लीलतेचा दोष विचारणाऱ्या बाईवर येत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मनावर येतो. ज्या समाजात बायकांनी शृंगाराविषयी उघड बोलणे निषिद्ध होते, तेथे ही युक्ती केवळ करमणुकीची नव्हती. तिने बोलण्याची मुभा मिळवली आणि जबाबदारी दुसऱ्यावर टाकली. सभ्यतेच्या नावाखाली ही कोडी वगळणाऱ्या संकलकाला हे लक्षात आले नाही, की वगळतानाच तो कोड्याच्या सापळ्यात सापडला आहे. कारण छापील पानावर अश्लील असे काहीच नव्हते.

४

अंबाजोगाईच्या डोंगरात मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते. ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानला जातो. कालाविषयी आणि स्थलाविषयी अभ्यासकांत वाद आहेत. विदर्भातील आंभोऱ्याचा दावाही प्रसिद्ध आहे. त्या वादात येथे पडण्याचे कारण नाही, कारण येथे प्रश्न इतिहासाचा नसून कथेच्या रचनेचा आहे.

आख्यायिका अशी. जैत्पाळ राजाने साधुसंतांना एक अट घातली : घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून खोगिरावर बसेपर्यंतच्या अवधीत ब्रह्म दाखवावे. ज्यांना ते जमले नाही त्यांना त्याने अडकवून ठेवले. अखेर मुकुंदराज आले. राजाने रिकिबीत पाय ठेवला आणि दुसरा पाय उचलण्यापूर्वीच त्याला समाधी लागली. मुकुंदराजांनी नेमके काय केले याविषयी कथेचे पाठ वेगवेगळे आहेत.

भक्तीच्या अंगाने ही चमत्कारकथा आहे. रचनेच्या अंगाने पाहिल्यास ती शुद्ध चकवा आहे. राजाचा प्रश्न वरकरणी कालमर्यादेचा आहे : इतक्या थोड्या वेळात इतकी मोठी गोष्ट कशी दाखवणार? अडकलेले साधू त्या प्रश्नाला त्याच्या अटींवर उत्तर देऊ पाहतात. जणू ते चिमण्यांची वजाबाकी करीत बसतात. ब्रह्म ही समोर आणून दाखवण्याची वस्तू आहे आणि तिला वेळ लागतो, ही दोन गृहीतके त्यांनी राजाकडून उसनी घेतलेली आहेत. मुकुंदराज उत्तर देत नाहीत. ते अवधीच थांबवतात. राजा घोड्यावर चढतच नाही, त्यामुळे मुदत कधी संपतच नाही. प्रश्न विचारणारा शिल्लक राहिला नाही म्हणजे प्रश्नाची उकल झाली. अद्वैताच्या भाषेत द्रष्टा आणि दृश्य यांचा भेद मावळला. कोड्याच्या भाषेत विचारणाराच फसला.

‘विवेकसिंधू’ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात रचलेला आहे, हे येथे अर्थपूर्ण ठरते. त्या संवादात शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. अधिकाराची दिशा निश्चित आहे. आख्यायिकेत विचारणारा राजा आहे, त्याच्या हाती शिक्षा आहे, आणि उत्तर देणाऱ्याकडे काहीच नाही. लोककथेने ग्रंथाचा आकार उलटा करून घेतला. महाभारतातल्या यक्षप्रश्नांतही विचारणाऱ्याच्या हाती मृत्यू आहे; पण युधिष्ठिर प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देऊन सुटतो. तेथे प्रश्नाची प्रतिष्ठा अबाधित राहते. अंबाजोगाईच्या कथेत ती राहत नाही.

५

एक आक्षेप रास्त आहे. फसवे कोडे एकदाच चालते. उत्तर कळले की त्याचा जीव गेला. ज्याचा पुनःपुन्हा आस्वाद घेता येत नाही त्याला साहित्य कसे म्हणावे? विश्वनाथाच्या रसविरोधाच्या आक्षेपामागेही बहुधा हीच अडचण असावी.

उत्तर आस्वादाच्या जागेत शोधावे लागते. ओवी ऐकणारी तीच ओवी पुन्हा ऐकते. फसव्या कोड्यात ऐकणाऱ्याचा आनंद एकदाच, तोही फजितीच्या रूपात येतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस ते कोडे घेऊन दुसऱ्याकडे जातो आणि विचारणाऱ्याच्या जागी बसतो. पुनःप्रत्यय आहे, पण जागा बदलून. बहुतेक मौखिक परंपरा पाठ करणाऱ्याच्या मुखातून चालतात. ही परंपरा हरलेल्याच्या मुखातून चालते. जो फसला नाही, त्याला ते पुढे सांगण्याची ओढही तितकी नसते.

यामुळेच तिला सतत नवा श्रोता लागतो : लहान मूल, नवी सून, परगावचा पाहुणा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. निरनिराळ्या गावांची माणसे हंगामभर फडाजवळच्या कोपींवर शेजारी राहतात. ग्रंथ, रंगमंच, वाद्य यांपैकी कशाचीही गरज नसलेली ही कला अशा मुक्कामात टिकू शकते, आणि मोबाइलच्या संदेशातूनही पुढे सरकते. मात्र संदेशात उत्तर खालीच लिहिलेले असते, आणि प्रश्न व उत्तर यांच्यामधली ती शांतता, जिच्यात ऐकणारा स्वतःच्या गृहीतकांत गोल फिरतो, नाहीशी होते. चकवा उरतो, रात्र उरत नाही.

फसव्या कोड्याचे मोठेपण वाढवून सांगण्याचे कारण नाही. ते दुबळ्याची टर उडवण्याचे साधनही होते. नव्या सुनेला चारचौघींत रडवणारी कोडी याच जातीची होती. परंतु विचारणाऱ्याचा अधिकार आणि प्रश्नाचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवणारा याहून साधा साहित्यप्रकार मराठीत दाखवणे कठीण आहे. ज्या समीक्षेला कृती काय विचारते एवढेच पाहायचे नसून ती कोणत्या गृहीतकांवर विचारते हेही पाहायचे आहे, तिने रिकिबीत एक पाय ठेवून थांबलेल्या त्या राजाकडे, आणि तीन भाकरी वाटून घेणाऱ्या त्या तिघींकडेही, पुन्हा वळून पाहायला हवे.